जपानी न्यू वेव्ह: चित्रपट पाहताना आणि संगीत ऐकताना या चुका टाळा

‘जपानी न्यू वेव्ह’ असे म्हणताना आपण दोन निरनिराळ्या गोष्टींना एकच नाव देतो आणि या विषयातले बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतात. जपानी भाषेत हा घोळ होत नाही. १९६० च्या सुमारास नागिसा ओशिमा, मासाहिरो शिनोदा, योशिशिगे योशिदा यांनी काढलेल्या बंडखोर चित्रपटांना तिथे फ्रेंच शब्दावरून ‘नुबेरु बागू’ म्हणतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीस सिंथेसायझर घेऊन उभ्या राहिलेल्या बँडच्या संगीताला मात्र इंग्रजीवरून घेतलेले नाव आहे. मराठीत दोन्हींसाठी एकच शब्द उरल्यामुळे, ‘वूमन इन द ड्यून्स’ या साठच्या दशकातल्या चित्रपटाचे संगीत शोधणाऱ्याच्या हाती यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा हा सिंथेसायझर बँड लागतो आणि तो दोन्हींवर नाराज होतो. म्हणून शोध घेण्यापूर्वी आपल्याला कोणते दशक हवे आहे, हे आधी ठरवावे.

याच्या उलट चूकही तितकीच होते, ती म्हणजे या दोन लाटांचा एकमेकींशी संबंधच नाही असे मानणे. १९८३ साली त्या एका चित्रपटात भेटल्या. ओशिमा यांनी ‘मेरी ख्रिसमस, मिस्टर लॉरेन्स’मधील कॅप्टन योनोईच्या भूमिकेसाठी यलो मॅजिक ऑर्केस्ट्राच्या र्‍युइची साकामोतो यांना विचारले, तेव्हा संगीतही माझ्याकडे द्याल तर काम करीन, अशी अट साकामोतो यांनी घातली. त्यांचे हे पहिले मोठे चित्रपटसंगीत. या चित्रपटाची सुप्रसिद्ध धून आज बहुतेकांनी केवळ पियानोवर ऐकलेली असते आणि मग मूळ चित्रपटात ती सिंथेसायझरच्या घंटानादासारख्या स्वरांत आली की ‘हे काहीतरी वेगळेच आहे’ असे त्यांना वाटते. वास्तविक पियानोवरील रूप नंतरचे आहे. युद्धकैद्यांच्या छावणीत ऐकू येणारा तो कोणत्याच देशाचा नसलेला स्वर ही त्या चित्रपटाची गरज होती, म्हणून आधी मूळ ध्वनिमुद्रण ऐकावे.

सर्वांत अधिक नुकसान करणारी चूक मात्र तोरू ताकेमित्सु यांच्याबाबतीत होते. १९३० ते १९९६ या आयुष्यात त्यांनी नव्वदहून अधिक चित्रपटांना संगीत दिले आणि त्यांतील उत्तमोत्तम चित्रपटांत त्यांनी सुरांइतकेच मौनही रचले. मासाकी कोबायाशी यांच्या ‘क्वाइदान’ या भूतकथांच्या चित्रपटातील पहिल्या कथेत, सामुराई आपल्या पडक्या घरी परततो त्या प्रसंगात, नेहमीचे आवाज जवळजवळ नाहीसे होतात आणि लाकूड फुटण्या-चिरण्याचे आवाज ऐकू येतात, तेही पडद्यावरच्या हालचालींशी नेमके न जुळणारे. संगीत कुठे संपले आणि घराचा आवाज कुठे सुरू झाला, हे प्रेक्षकाला सांगता येऊ नये, अशीच ही योजना आहे. शिनोदा यांच्या ‘पेल फ्लॉवर’मध्येही जुगाराच्या पत्त्यांच्या आवाजात टॅप नृत्याच्या पावलांचा ठेका मिसळलेला आहे. अशा प्रसंगी ‘आवाज गेला’ असे समजून रिमोट उचलणाऱ्यांना मी दोष देत नाही, परंतु दुरुस्ती चित्रपटात नव्हे, दूरचित्रवाणी संचात करायची असते. हळू आवाज मोठा आणि मोठा आवाज हळू करणारी जी सोय अनेक संचांत ‘नाइट मोड’ किंवा ‘ऑटो व्हॉल्यूम’ या नावाने असते, ती बंद करावी, कारण ती नेमके हे मौनच पुसून टाकते. त्या काळातले हे चित्रपट बहुतांशी मोनो ध्वनीतले आहेत, तेव्हा कृत्रिम सराउंडही नको. शक्य असेल तर रात्री, पंखा बंद करून, हेडफोन लावून पाहावेत.

आवृत्तीची खात्री न करणे ही पुढची चूक आहे. ‘क्वाइदान’ मूळचा सुमारे १८३ मिनिटांचा असून त्यात चार कथा आहेत. परदेशी प्रदर्शनासाठी हिमस्त्रीची कथा वगळून तो छोटा करण्यात आला होता. तुमच्याकडील प्रत दोन तासांच्या आसपास संपत असेल तर तुम्ही पूर्ण चित्रपट पाहिलेला नाही. संगीताच्या तबकड्यांबाबतही हेच घडते: यलो मॅजिक ऑर्केस्ट्राचा १९७८ चा पहिला अल्बम पुढच्या वर्षी अमेरिकेसाठी नव्याने मिक्स करण्यात आला, त्यामुळे दोन श्रोते एकाच अल्बमविषयी वाद घालत असतात आणि दोघांनी ऐकलेले मिश्रण वेगळे असते. शोध रिकामा येत असेल तर नावाचा क्रम उलटून पाहावा, कारण जपानमध्ये आडनाव आधी येते आणि ताकेमित्सु तोरू व तोरू ताकेमित्सु ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत.

आपल्याकडच्या श्रोत्यांची एक खास चूक मला विशेष महत्त्वाची वाटते. शाकुहाची ही बांबूची जपानी बासरी ऐकताच आपण तिला आपल्या बासरीच्या मापाने मोजू लागतो. ती आडवी नव्हे, उभी धरून टोकाने फुंकतात, तिला पाचच छिद्रे असतात आणि फुंकीचा खरखराट हा तिच्यात दोष नसून वादनाचाच भाग असतो. बिवा या तंतुवाद्याच्या बाबतीत मात्र आपला कान जपानी संगीताच्या अधिक जवळ आहे. बिवाच्या रुंद पडद्यांना तार हलकेच स्पर्श करते तेव्हा जो झणकार उठतो, त्याला ‘सावारी’ म्हणतात, आणि मिरजेच्या कारागिराने तानपुऱ्याच्या घोडीवर साधलेली जवारी ज्याने ऐकली आहे, त्याला हा स्वर ‘बिघडलेला’ कधीच वाटणार नाही. ‘क्वाइदान’मधील आंधळ्या होइचीच्या कथेत, दान-नो-उराच्या ११८५ च्या लढाईचे आख्यान बिवावर गायले जाते, तेव्हा या झणकाराकडे कान द्यावा.

ताकेमित्सु आणि साकामोतो यांना एका सरळ परंपरेचे गुरु-शिष्य मानणे हेही बरोबर नाही. विद्यार्थिदशेत साकामोतो यांनी ताकेमित्सु यांच्या कार्यक्रमाच्या ठिकाणी, संगीतात जपानी वाद्ये वापरण्यावर टीका करणारी पत्रके वाटली होती. आदर नंतर आला आणि विचारपूर्वक आला.

शेवटची चूक अपेक्षेची आहे. सिंथेसायझरच्या बँडमधून आलेला संगीतकार चित्रपटातही तोच ठेका वाजवील, असे धरून चालू नये. पी-मॉडेल या बँडचे सुसुमु हिरासावा यांनी सातोशी कोन यांच्या ‘पॅप्रिका’ या अॅनिमेशनपटात तो बराचसा कायम ठेवला, हे खरे. पण यलो मॅजिक ऑर्केस्ट्राचेच हारुओमी होसोनो यांनी १९८५ च्या ‘नाइट ऑन द गॅलॅक्टिक रेलरोड’ या अॅनिमेशनपटाला आणि २०१८ मध्ये हिरोकाझु कोरे-एदा यांच्या ‘शॉपलिफ्टर्स’ला दिलेले संगीत इतके संथ आणि अल्प आहे की, त्यात ‘रायदीन’ या त्यांच्या बँडच्या गाजलेल्या ठेकेदार धुनेचा शोध घेणारा श्रोता ते ऐकून न ऐकल्यासारखे करतो. ‘शॉपलिफ्टर्स’मध्ये कथेतील कुटुंबाचे बोलणे, जेवणाच्या भांड्यांचे आवाज आणि होसोनो यांचे मोजके सूर एकाच पातळीवर ठेवलेले आहेत.