गावातला पहिला जोखीम-प्रयोग कसा करावा

जोखीम-प्रयोग म्हणजे लोकांना खऱ्या पैशांचा छोटा खेळ देऊन ते किती जोखीम घेतात हे मोजणं. वर्तनवादी अर्थशास्त्रात, म्हणजे माणसं पैशांचे निर्णय प्रत्यक्षात कसे घेतात या विषयात, पीएचडी करताना पहिला स्वतंत्र प्रयोग फसतो तो बहुतेक वेळा दोन कारणांनी. समोरच्या माणसाला खेळ कळलेला नसतो, किंवा पैसे खरंच हातात पडतील यावर त्याचा विश्वास नसतो. मग आकड्यांत जी ‘जोखमीची आवड’ दिसते, ती प्रत्यक्षात गोंधळाची आणि संशयाची मोजणी असते. नंतर कितीही चांगलं सांख्यिकी लावलं तरी ती दुरुस्त होत नाही. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा खेळाच्या मांडणीला आणि पैशांना दिली आहे.

या विषयाचा एक पाया आपल्याकडेच घातला गेला. अर्थशास्त्रज्ञ हान्स बिन्सवांगर यांनी महाराष्ट्र आणि तेव्हाच्या आंध्रातल्या २४० कुटुंबांसोबत नाणेफेकीचे खेळ खेळून १९८० साली निष्कर्ष छापले. इक्रिसॅट या हैदराबादजवळच्या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेच्या ज्या ग्राम-अभ्यासाच्या आधाराने हे काम झालं, त्यात सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा ही गावं होती. हमखास मिळणारी रक्कम ५० पैशांपासून सुरू करून ५ आणि ५० रुपयांपर्यंत नेली होती, आणि ५० रुपये तेव्हा मोठी रक्कम होती. त्यांना आणखी एक गोष्ट आढळली: नुसते प्रश्न विचारून जोखीम मोजली, तर उत्तरं मुलाखत घेणाऱ्यागणिक बदलत होती. खरे पैसे देऊन खेळायचं ते याचसाठी.

उदाहरणादाखल एकच प्रश्न घेऊ: जोडीदार समोर बसलेला असताना माणूस जोखीम कमी घेतो की जास्त? पहिल्या प्रयोगाला असा दोन गटांचा, एका भेटीत संपणारा प्रश्न बरा. बचतीच्या सवयीसारखे विषय सहा महिने पाठपुरावा मागतात, आणि पहिल्या वेळी तेवढा पैसा आणि माणसं जवळ नसतात.

खेळ असा ठेवा. एका कार्डावर सहा पर्याय, प्रत्येकात छापा पडला तर एक रक्कम आणि काटा पडला तर दुसरी: १४०/१४०, १२०/१८०, १००/२२०, ८०/२६०, ६०/३००, १०/३५०. ही मांडणी एकेल आणि ग्रॉसमन या अर्थशास्त्रज्ञांच्या पद्धतीची आहे, रकमा रुपयांत बसवलेल्या. सरासरी १४० पासून दहा-दहाने वाढत पाचव्या पर्यायाला १८० होते. सहाव्याची सरासरीही १८०च, फक्त चढउतार मोठा, त्यामुळे तो जोखीम मुद्दाम आवडणाराच निवडेल. जोखीम मोजण्याची होल्ट आणि लॉरी यांची २००२ ची दहा ओळींची यादी प्रसिद्ध असली, तरी पहिल्यांदा ती गावात नेऊ नका. त्यात शक्यता दहातून एक, दहातून दोन अशा सरकत जातात, आणि बरेच जण एकदा इकडे, एकदा तिकडे अशी विसंगत निवड करतात. नाणेफेक सगळ्यांना माहीत असते.

कार्डावर आकड्यांऐवजी नोटांची छायाचित्रं छापा. नाणं सहभागी व्यक्तीने स्वतःच्या खिशातलं किंवा घरातलं काढावं आणि स्वतःच उडवावं. आपलं नाणं दिलं की शंका येते. निवडीच्या आधी एक फेरी पैशांशिवाय खेळा. मग तीन प्रश्न विचारा: दुसरा पर्याय घेतला आणि काटा पडला तर किती? पहिल्यात नाण्याने काही फरक पडतो का? सहाव्यात कमीत कमी किती? चुकलं तर दोनदा समजावून सांगा, किती प्रयत्न लागले ते नोंदवा, पण माणसाला वगळू नका. चुकलेल्यांना वगळलं तर शिकलेल्यांचाच नमुना उरतो. अर्ध्या कार्डांवर क्रम उलटा छापा, कारण मधला किंवा वरचा पर्याय नुसत्या जागेमुळे निवडला जातो.

आता गटांची खरी अडचण. एका गटात निवड एकट्याने आणि पैसेही गुपचूप, दुसऱ्यात दोन्ही जोडीदारासमोर, असं केलंत तर दोन गोष्टी एकदम बदलतात: निवडताना कोणी बघतंय का, आणि मिळालेली रक्कम घरात कळणार का. फरक कशामुळे आला हे मग कधीच सांगता येणार नाही. यावर साधा उपाय म्हणजे दोन्ही गटांना सुरुवातीलाच सांगायचं की पैसे दोघांसमोर दिले जातील. मग फरक उरतो तो फक्त निवडीच्या क्षणी असलेल्या उपस्थितीचा. रक्कम पूर्ण गुप्त ठेवणारा तिसरा गट हवासा वाटेल, पण तो परवडतो का ते आधी बघा.

नमुना किती? ८० टक्के शक्ती (खरा परिणाम पकडला जाण्याची शक्यता) आणि ५ टक्के पातळी (नसलेला परिणाम चुकून दिसण्याची शक्यता) धरून, एका गटाला लागणारी संख्या म्हणजे १६ भागिले परिणामाचा वर्ग, परिणाम प्रमाण विचलनात (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याच्या मापात) मोजलेला. समजा चाचणी फेरीत पर्याय क्रमांकाचं प्रमाण विचलन १.६ आलं आणि तुम्हाला ०.४ पर्यायाचा फरक पकडायचा आहे. तो झाला ०.२५, वर्ग ०.०६२५, म्हणजे गटाला २५६ घरं, एकूण ५१२. हे गणित घराघरांत चिठ्ठी टाकली तरच लागू. आख्खी गावं गटांत वाटली, प्रत्येकी २० घरं घेतली आणि एकाच गावातल्या लोकांच्या निवडींतला सारखेपणा, म्हणजे सहसंबंध, ०.०५ असला, तर ही संख्या १.९५ पट होते. म्हणून वाटप गावाच्या आतच करा. परिणाम मोठा येईल ही आशा धरू नका. डेलाविन्या आणि लिनोस यांनी २०२२ मध्ये दाखवलं की नियतकालिकांत छापलेल्या नज प्रयोगांचा (सक्ती न करता छोट्या बदलाने लोकांचं वागणं वळवण्याच्या प्रयोगांचा) सरासरी परिणाम ८.७ टक्के-बिंदू होता, तर अमेरिकेतल्या दोन मोठ्या नज युनिट्सच्या, म्हणजे असे प्रयोग करणाऱ्या पथकांच्या, १२६ प्रयोगांचा १.४. छापील परिणामावरून नमुना ठरवणारा जवळपास नेहमीच कमी घरं घेतो.

वाटप कधी करायचं यावर बरंच अवलंबून आहे. यादीवरून आधीच गट ठरवले, तर जोडीदार घरी नसलेली घरं फक्त एकाच गटातून गळतात आणि गट तुलनेलायक राहत नाहीत. त्यामुळे दोघं घरी आहेत हे बघा, दोघांची संमती घ्या, आणि त्यानंतरच टॅबवर गट उघडू द्या. गटांचा क्रम कार्यालयात संगणकावर बीज-क्रमांक (तीच यादृच्छिक यादी पुन्हा काढता यावी म्हणून दिलेला आकडा) देऊन आधीच तयार केलेला असावा, सर्वेक्षकाच्या हातात काही नको. प्रत्येक सर्वेक्षकाला दोन्ही गट सारखे मिळतील असं बसवा.

पैशांचं नियोजन. हजेरीचे ५० आणि खेळाचे सरासरी १६० धरले तर माणशी २१०. ही रक्कम गावातल्या दिवसाच्या मजुरीशी ताडून बघा. महाराष्ट्रात रोहयोचा दर २०२५-२६ साठी ३१२ रुपये होता. तासाभराच्या कामाला एवढं पुरेसं आहे, आणि फार जास्त दिलं तर संमती मोकळेपणाने दिलेली राहत नाही. ५१२ घरांचे साधारण १ लाख ८ हजार होतात. पैसे रोख द्या, कारण मोबाइल घरात एकच असतो आणि तो कोणाच्या हातात असतो हाच तुमचा अभ्यासाचा विषय आहे. दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा बँकेतून आठवडाभर आधी मागवा. ३१० द्यायचे आणि हातात पाचशेची नोट, असं झालं की सगळ्यांसमोर विश्वास जातो. निवडणुकीची आचारसंहिता लागलेली असेल तर काम पुढे ढकला: गावात रोख वाटणं गैरसमजाला आमंत्रण आहे, आणि विधानसभा-लोकसभेच्या काळात ५० हजारांवर रोकड कागदांशिवाय बाळगली तर ती जप्त होऊ शकते.

परवानगीसाठी संस्थेच्या नीतिसमितीकडे अर्ज करा आणि दोन महिने धरून चाला. समितीला दोन गोष्टी स्वतःहून सांगा: कोणाचेही स्वतःचे पैसे जाणार नाहीत, आणि नवरा-बायकोत ताण दिसला तर सर्वेक्षक खेळ थांबवून पूर्ण हजेरी देऊन निघेल. हा दुसरा नियम प्रशिक्षणात अभिनय करून घ्या, नुसता वाचून दाखवू नका. गावात सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) आणि पोलिस पाटील यांना पत्र द्या, आणि नाणं उडवून पैसे मिळण्याला कोणी जुगार समजेल हे गृहीत धरून खेळ त्यांना आधी दाखवा. घरांची निवड त्यांच्यासमोर चिठ्ठ्या काढून करा. तसं केलं नाही तर ‘आमचं नाव का नाही’ या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण सगळ्यांना ही सरकारी योजनाच वाटते.

वेळ पिकांप्रमाणे ठरते. पेरणीचा जून आणि काढणीचे ऑक्टोबर-नोव्हेंबर सोडा. बीडसारख्या जिल्ह्यात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार बाहेर पडतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. त्या काळात गेलात तर गरीब कुटुंबंच नमुन्यात नसतील. आठवडी बाजाराचा दिवसही टाळा. एक गाव एकाच दिवसात संपवा, कारण दुसऱ्या दिवशी ‘कितवा पर्याय घ्यावा’ याची चर्चा पारावर झालेली असते. पाच सर्वेक्षक, प्रत्येकी पाच घरं, म्हणजे २१ गावं आणि सुट्ट्या धरून साधारण महिना.

त्याआधी नमुन्याबाहेरच्या एका गावात ३० घरांची चाचणी फेरी हवीच. निम्म्याहून जास्त लोक एकाच पर्यायावर आले तर रकमा बदला. प्रमाण विचलन याच फेरीतून घ्या, पण गटांतला फरक बघून परिणामाचा अंदाज बांधू नका. ३० घरांत तो नुसता योगायोग असतो. चाचणीनंतर आणि मुख्य काम सुरू होण्याआधी आराखडा अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनच्या प्रयोगांच्या ऑनलाइन नोंदवहीत नोंदवा. ती २०१३ पासून आहे आणि नोंदणी मोफत आहे. मुख्य निष्पत्ती, म्हणजे जे मोजायचं ते, एकच लिहा: निवडलेला पर्याय, १ ते ६. स्त्री-पुरुष अशी फोड करायची असेल तर तीही आताच लिहा. कॅमेरर आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये दोन आघाडीच्या नियतकालिकांतले १८ प्रयोग पुन्हा केले, त्यांतले ११च टिकले. तुमच्या निकालाकडे लोक याच नजरेने पाहणार.

काम चालू असताना रोज रात्री आकडे तपासा. सर्वांत उपयोगी तपासणी नाण्याची आहे: शंभर फेकींत मोठी रक्कम ४० ते ६० वेळा पडायला हवी. एखाद्या सर्वेक्षकाकडे ७० वेळा पडली असेल तर तो दयेपोटी किंवा ओळखीपोटी निकाल बदलतोय. १० टक्के घरांना दुसऱ्या माणसाने पुन्हा भेट देऊन किती पैसे मिळाले ते विचारावं. नावं आणि फोन क्रमांक वेगळ्या, कुलूपबंद फाइलमध्ये. विश्लेषणाच्या फाइलमध्ये फक्त क्रमांक.

वर्षाचं गणितही आधीच मांडा. कल्पनेपासून पहिल्या मसुद्यापर्यंत वर्षभर सहज जातं, म्हणून हे काम पीएचडीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षात सुरू व्हावं. विभागातल्या चर्चासत्रात आकडे येण्याआधीच आराखडा मांडा; त्या टप्प्यावरची टीका फुकटात दुरुस्त होते. सहलेखक असतील तर कामाची वाटणी आणि माहितीवरचा हक्क ईमेलवर लिहून घ्या.

फरक शून्य आला तरी लिहा. तेव्हा ‘परिणाम नाही’ असं न म्हणता विश्वास-अंतराल, म्हणजे खरा फरक ज्या मर्यादांत असू शकतो तो पट्टा, द्या. ५१२ घरांत आणि १.६ च्या विचलनात तो दोन्ही बाजूंना सुमारे ०.२८ पर्यायाचा असेल. म्हणजे फरक शून्याच्या आसपास आला असेल तर त्याहून मोठा परिणाम तुमच्या आकड्यांशी जुळत नाही असं म्हणता येतं. मसुदा पाठवण्याआधी आज्ञावलीची फाइल एखाद्या सहाध्यायाच्या संगणकावर, कच्च्या माहितीपासून शेवटच्या तक्त्यापर्यंत, एकदा पूर्ण चालवून घ्या.