बर्फ बघा, मग पायात काय घालायचं ते ठरवा: केदारकंठा, ऋतूंनुसार

कळसूबाई १,६४६ मीटर. उत्तराखंडात केदारकंठ्याची चाल जिथून सुरू होते ते सांकरी गावच साधारण १,९५० मीटरवर आहे, आणि शिखर ३,८१० मीटरवर. सह्याद्रीत दमसास कमावलेल्या माणसाला ही चढण जड जात नाही. त्याला अडवतो तो बर्फ, कारण बर्फ महिन्यागणिक बदलतो आणि एकाच दिवसात तासागणिकही बदलतो. सकाळी सहाला ज्या उतारावर पाय घसरत होता, तिथेच दुपारी बाराला मांडीपर्यंत रुतायला होतं.

मे-जूनमध्ये इथली कुरणं हिरवी असतात आणि साध्या ट्रेकिंग बुटांवर काम भागतं. जुलै-ऑगस्ट सोडून द्या. डेहराडून ते सांकरी हा साधारण २०० किलोमीटरचा रस्ता दरडींचा आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात हवा स्वच्छ असते, स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरं लख्ख दिसतात. बर्फ नको असेल तर हेच दिवस उत्तम.

डिसेंबरचा बर्फ फसवा. थर पातळ असतो, पण सावलीतली पायवाट आणि ओहोळांच्या कडा काचेसारख्या गोठतात. इथे मायक्रोस्पाइक्स हवेत, म्हणजे बुटावर ताणून बसवायची रबरी पट्टी आणि तिला साखळीने जोडलेले पोलादी दात. जानेवारी-फेब्रुवारीत पश्चिमी चक्रावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी हिवाळी वादळं, एकामागून एक येतात आणि तांदळाच्या पिठीसारखा कोरडा, भुसभुशीत बर्फ साचतो. त्यात स्पाइक्सना धरायला काही उरत नाही. मार्च-एप्रिलमध्ये, बुरांश (लाल फुलांचं पहाडी झाड) फुलायला लागतो तेव्हा, रात्री वरचा पापुद्रा कडक गोठतो आणि उन्हं चढली की तो भिजवलेल्या साबुदाण्यासारखा रवाळ होतो.

निर्णय सोपा आहे. वाटेच्या कडेला, न तुडवलेल्या बर्फात पूर्ण वजन देऊन एक पाय टाका. बुटाचा तळ जेमतेम उमटला तर स्पाइक्स. घोट्याच्या वर, १५-२० सेंटिमीटर रुतला तर स्नोशू, म्हणजे बुटाखाली बांधायची रुंद फळी, जी वजन पसरवते आणि पाय रुतू देत नाही. सुट्टीच्या दिवसांत शेकडो पावलांनी वाट दाबून पक्की केलेली असते. तिथे फेब्रुवारीतही स्नोशूची गरज पडत नाही. ताजा बर्फ पडल्यावर किंवा वर्दळीच्या वाटेपासून दूर गेल्यावर मात्र त्यांच्याशिवाय दर पावलाला गुडघा उपसावा लागतो आणि तासाभरात माणूस थकतो. सांकरीत स्पाइक्स आणि गेटर्स (बुटावरून पोटरीपर्यंत चढवायची गवसणी) भाड्याने मिळतात. स्नोशू मिळतीलच असं धरू नका, निघण्याआधी आयोजकाला विचारा.

स्नोशूचं माप उंचीवरून ठरत नाही. तुमचं वजन, पाठीवरची सॅक आणि अंगावरचे कपडे मिळून जो आकडा येतो त्यावर ठरतं. साधारण ८० किलोपर्यंत २२ इंची, त्यापुढे २५ इंची आणि १०० किलोच्या आसपास ३० इंची, असा अंदाज ठेवा. भुसभुशीत बर्फात एक माप मोठं घ्या. मोठं म्हणजे नेहमीच चांगलं असं मात्र नाही, कारण झाडीत मोठी फळी अडकते.

बांधताना चवड्याचा फुगीर भाग बरोबर बिजागरीवर आला पाहिजे. पुढे सरकला तर बुटाचं टोक फळीला घासतं, मागे राहिला तर पुढचे दात बर्फात शिरत नाहीत. आधी चवड्यावरचे पट्टे, मग टाचेचा. पट्ट्यांची बकलं बाहेरच्या बाजूला ठेवा. आत राहिली की दुसऱ्या पायात अडकतात. दहा मिनिटं चालून पुन्हा आवळा, कारण थंडीत पट्टे सैल पडतात. गेटर्सचा हुक बुटाच्या नाडीत घालायला विसरू नका, नाहीतर बर्फ खालून आत शिरतो.

पाय नेहमीपेक्षा थोडे फाकवून टाका. एका फळीवर दुसरी पडली की तोंडावर आपटलात म्हणून समजा. मागे पाऊल टाकू नका, फळीची शेपूट रुतते. वळायचं असेल तर अर्धवर्तुळ घ्या. चढावर टाचेखालची तार उभी करा, पोटऱ्या वाचतात. आडव्या उतारावर स्नोशू निसटतात, म्हणून शक्य तिथे सरळ चढा, सरळ उतरा. उतरताना गुडघे सैल ठेवा आणि वजन किंचित टाचेवर घ्या. पडलात तर हाताने जोर लावून उठायला जाऊ नका, हात खांद्यापर्यंत आत जातो. दोन्ही काठ्या बर्फावर आडव्या, एकमेकींवर फुलीसारख्या ठेवा, गुडघ्यावर या आणि फुलीवर हात टेकून उठा. सर्वांत पुढे राहून ताज्या बर्फात वाट फोडणारा गडी दर पाच-सात मिनिटांनी बदला.

देवदाराच्या बुंध्याला चिकटून चालू नका. फांद्या खाली आलेल्या असतात, त्यामुळे बुंध्याभोवती पोकळी राहते आणि वरून ती दिसत नाही.

वाटेवरचं जुडा का तालाब हे तळं साधारण २,७७० मीटर, त्यापुढचा बेस कॅम्प साधारण ३,४३० मीटर. एका दिवसात झोपायची उंची साडेसहाशे मीटरने वाढते. ३,००० मीटरच्या वर रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढ करू नये असा संकेत आहे, म्हणून एक दिवस हाती जादा ठेवणारा गाईड निवडा. डोकेदुखीसोबत मळमळ असेल तर आणखी वर जायचं नाही. सरळ रेषेत पाऊल टाकता येत नसेल तर रात्र असली तरी खाली उतरायचं.

गाईड ठरवताना चार प्रश्न थेट विचारा: उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा किंवा तशाच संस्थेचा कोर्स झाला आहे का? सोबत ऑक्सिजन आणि स्ट्रेचर आहे का? किती जणांमागे एक गाईड? आणि माघारी फिरायची वेळ कोणती? शेवटचं उत्तर घड्याळाच्या वेळेत आलं पाहिजे. ‘बघू तिथे’ हे उत्तर नाही. शिखरासाठी पहाटे तीन-चारला निघतात ते नुसतं सूर्योदयासाठी नाही. वरचा उतार उन्हाने सैल व्हायच्या आत चढून उतरायचा असतो. हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि नव्या बर्फानंतरचे एक-दोन दिवस सर्वांत धोक्याचे. चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था हिमस्खलनाचे इशारे देते. गाईड ते पाहतो का, हेही विचारा.

पाण्याच्या बाटल्या उलट्या ठेवा. पाणी वरून गोठतं, त्यामुळे झाकण मोकळं राहतं. बॅटऱ्या रात्री झोपण्याच्या पिशवीत घ्या. सुती बनियन घालू नका. घाम धरून ठेवते आणि थांबलात की हुडहुडी भरते. गॉगल ढगाळ दिवशीही लावा: बर्फावरून परतणाऱ्या किरणांनी डोळे भाजतात आणि ते काही तासांनी, तंबूत, वाळू गेल्यासारखे खुपू लागल्यावर कळतं. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांच्या कडेलाही लावा.

उतरताना बसून घसरायचा मोह सगळ्यांना होतो. आधी स्पाइक्स काढा. दात बर्फात रुतला की शरीर पुढे जातं आणि घोटा मागे राहतो. मोकळा, दगड नसलेला आणि खाली सपाट होणारा उतार गाईडने दाखवला तरच घसरा.

संध्याकाळी ओले बूट शेगडीजवळ ठेवू नका, तळव्याचा गोंद सुटतो. आतलं सोल काढा, वर्तमानपत्राचे बोळे कोंबा, तासाने बदला आणि बूट पिशवीत घालून पायाशी घेऊन झोपा. सकाळी ते निदान गोठलेले नसतील.