शिवणीतली माया

'बारीक झाल्यावर घालीन' म्हणून ठेवलेले ब्लाउज आधी कपाटातून बाहेर काढा. माझे सात निघाले. लग्नातला मोतिया रंगाचा तर १९ वर्षं घडीतच होता. ब्लाउज उलटा करून कडेची माया, म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड, बघा. दोन्ही बाजूंची शिवण अर्धा-अर्धा इंच सरकवली की घेर दोन इंचांनी वाढतो, कारण प्रत्येक शिवणीत पुढचं आणि मागचं असे दोन पदर असतात. जुन्या टाक्यांची फिकट रेघ राहते. राहू दे.

रविवारी अंघोळीआधी पोटाला कोमट तिळाचं तेल लावा. सिझेरियनच्या व्रणाला मी कितीतरी वर्षं हातच लावला नव्हता. पहिल्यांदा बोटं थबकली, डोळे भरून आले. बाळंतपणानंतर गर्भाशय साधारण ६ आठवड्यांत पूर्ववत होतं. पोटावरचे ताणाचे वळ मात्र फिके होतात, पुसले जात नाहीत. हे मला तेव्हाच कुणी सांगायला हवं होतं!

लग्नकार्यात कुणी "केवढी सुटलीस गं!" म्हणालंच, तर "हो मावशी, बरी आहे मी. तुमचा गुडघा कसाय?" एवढंच म्हणा.

आणि लेकीसमोर आरशात पोट आत ओढून उभ्या राहू नका. माझी सहा वर्षांची असताना तसंच करायला लागली होती.