सीसीएनए देताय? फी भरण्याआधी या चुका टाळा

सीसीएनए म्हणजे सिस्को कंपनीची नेटवर्किंगमधली प्रमाणपत्र परीक्षा. तिच्या पेपरची फी ३०० डॉलर, वर कर वेगळा. छत्रपती संभाजीनगरात रूम करून राहणाऱ्या मुलासाठी हे कित्येक महिन्यांचे मेसचे पैसे झाले. नापास होणाऱ्यांत न शिकलेले कमी असतात. चुकीच्या पद्धतीने शिकलेलेच जास्त.

प्रश्नसंचाची सवय इथे नडते

लातूर पॅटर्नने आपल्याकडे एक शिस्त लावली: प्रश्नसंच सोडवा, तपासा, पुन्हा सोडवा. बोर्डाला ती फळते, कारण पेपरची धाटणी ठरलेली असते. इथे मात्र त्याच सवयीने मुले टेलिग्रामवरच्या ‘डम्प’कडे, म्हणजे खऱ्या पेपरातून फोडलेल्या प्रश्नोत्तरांकडे वळतात. डम्पमधली उत्तरे बऱ्याचदा चुकीची असतात आणि प्रश्नातला एक आयपी बदलला की पाठ केलेले सगळे कोसळते. शिवाय डम्प वापरणे सिस्कोच्या परीक्षा-कराराचा भंग आहे. सापडलात तर निकाल रद्द होऊ शकतो, पुढे परीक्षेला बंदीही येऊ शकते. सराव चाचण्या जरूर सोडवा, पण प्रत्येक चुकीच्या पर्यायापुढे तो का चूक आहे हे एका ओळीत लिहा. ही ओळ लिहिता येत नसेल तर बरोबर आलेले उत्तरही अंदाजानेच आले समजा.

जुन्या नोट्स

सीनियरने दिलेल्या नोट्स कोणत्या आवृत्तीच्या आहेत ते आधी पाहा. पेपरचा क्रमांक २००-३०१ तोच राहिला, पण ऑगस्ट २०२४ पासून अभ्यासक्रमाची १.१ आवृत्ती लागू झाली. खूण सोपी आहे: ऑटोमेशनच्या प्रकरणात पपेट आणि शेफ ही साधने दिसली तर नोट्स जुन्या. आता तिथे अ‍ॅन्सिबल आणि टेराफॉर्म आहेत. वेळ वाटताना वजनही बघा. आयपी कनेक्टिव्हिटी, म्हणजे मुख्यतः राउटिंग, २५ टक्के. ऑटोमेशन १० टक्के. पायथॉनच्या नादात महिना घालवून ओएसपीएफ (राउटिंगचा प्रोटोकॉल) कच्चे ठेवणारे दर बॅचला भेटतात.

सबनेटिंग येते, पण वेळेत येत नाही

सबनेटिंग म्हणजे मोठे नेटवर्क लहान भागांत वाटणे. पूर्ण बायनरी मांडत बसलात तर एका प्रश्नाला तीन मिनिटे जातात. १९२.१६८.१०.७७/२७ घ्या. /२७ चा मास्क शेवटी २२४. २५६ मधून २२४ वजा केले की ३२ उरतात, म्हणजे नेटवर्क ०, ३२, ६४, ९६ असे सरकतात. ७७ हा ६४ च्या घरात बसतो. नेटवर्क .६४, ब्रॉडकास्ट .९५, मधले .६५ ते .९४ असे ३० होस्ट. चुका होतात त्या दोन ठिकाणी. घाईत .९६ ला ब्रॉडकास्ट म्हटले जाते, खरे तर तो पुढचा नेटवर्क पत्ता आहे. आणि एसीएल (कोणती रहदारी जाऊ द्यायची याची यादी) लिहिताना वाइल्डकार्ड (मास्कचा उलटा आकडा) ०.०.०.३२ टाकला जातो, हवा असतो ०.०.०.३१. रोज वीस गणिते घड्याळ लावून करा, एकाला तीस सेकंद. घरून ऑनलाइन परीक्षा देणार असाल तर कच्च्या कामाला कागद मिळत नाही, स्क्रीनवरच्या पाटीवर भागवावे लागते. त्यामुळे शेवटचे दोन आठवडे वही बाजूला ठेवा.

व्हिडिओ पाहणे म्हणजे लॅब नव्हे

पॅकेट ट्रेसर हा संगणकावरच नेटवर्क उभारून पाहायचा प्रोग्राम नेटअ‍ॅकच्या (सिस्कोच्या ऑनलाइन शिकवणीच्या) खात्यावर फुकट मिळतो, तरी दीडपट वेगाने व्हिडिओ संपवण्यातच समाधान मानले जाते. पेपरात प्रत्यक्ष कमांड द्यायचे प्रश्न येतात. चालू असलेली लॅब मुद्दाम बिघडवा आणि कारण शोधा, खरा अभ्यास तिथे होतो. ट्रंकवर (अनेक व्हीलॅनची रहदारी नेणाऱ्या दुव्यावर) व्हीलॅन १० (स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क) चालू असताना ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन २०’ द्या. १० गायब! ‘अ‍ॅड’ शब्द राहिला की जुनी यादी पुसून नवी बसते. ही चूक नोकरीतही महागात पडते.

ओएसपीएफचा शेजारी राउटर दिसत नसेल तर सगळे कॉन्फिगरेशन पुसून पुन्हा टाकू नका. क्रमाने बघा: इंटरफेस वर आहे का (राउटरचा मुळात बंद असतो, ‘नो शटडाउन’ लागतेच), दोन्हीकडे एरिया आणि सबनेट मास्क एकच आहे का, हॅलो-डेड टायमर जुळतात का (इथरनेटवर मुळात १० आणि ४० सेकंद), इंटरफेस पॅसिव्ह तर नाही ना. शेजारी दिसतो पण एक्सस्टार्ट या टप्प्यावर अडकतो, तेव्हा बहुधा एमटीयू (पॅकेटचा कमाल आकार) जुळत नसते.

नाव आणि ओळखपत्र

आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. तेच पाहून सिस्कोच्या खात्यात ‘फर्स्ट नेम’ला आडनाव टाकले जाते आणि परीक्षेच्या दिवशी ओळखपत्राशी नाव जुळत नाही. लग्नानंतर आडनाव बदललेल्या मुलींनी हे दोनदा तपासावे. आधार चालेलच असे धरू नका. बुकिंगच्या वेळी दिलेली मान्य ओळखपत्रांची यादी वाचा.

घरून द्यायची की केंद्रावर?

जमत असेल तर केंद्रावर द्या, मग त्यासाठी नांदेडहून हैदराबादला किंवा धाराशिवहून पुण्याला आदल्या दिवशी जावे लागले तरी चालेल. घरून देताना खोलीत दुसरे कोणी आले की परीक्षा थांबवली जाऊ शकते. चहा घेऊन आलेली आईसुद्धा याला अपवाद नाही. प्रश्न पुटपुटत वाचणेही चालत नाही, आणि ही सवय आपल्यात बऱ्याच जणांना असते. मोबाइल हॉटस्पॉटवर विसंबू नका. तुमच्या भागात देखभालीसाठी वीज कोणत्या वारी जाते ते विचारा आणि इन्व्हर्टरवर वायफाय राउटरही घ्या, नुसता पंखा नाही. मे महिना टाळलेला बरा: दार लावून घ्यावे लागते, कूलर चालत नाही आणि बाहेर वरातीचा डीजे असतो.

१२० मिनिटे

सिस्कोच्या पेपरात मागे जाता येत नाही. ‘नंतर बघू’ ही सोय नाही, म्हणून सराव चाचणीतही मागे जाऊ नका. किती पर्याय निवडायचे ते आधी वाचा. लॅबच्या प्रश्नावर दहा मिनिटांपेक्षा जास्त गेली तर जेवढे झाले तेवढ्यावर पुढे चला. कॉन्फिगरेशन सेव्ह करायला सांगितले असेल तर ते करूनच.

नापास झालात तर पुन्हा बसण्याआधी पाच दिवस थांबावेच लागते आणि फी पुन्हा पूर्ण भरावी लागते. निकालपत्रावर विभागवार टक्के असतात. सर्वांत कमी टक्के असलेले दोन विभाग काढा, त्यांच्याच लॅब पुन्हा बिघडवून दुरुस्त करा आणि मग तारीख घ्या.