बेसबॉलच्या मायनर लीगचा हिटर जोखताना या चुका टाळा

एप्रिल उजाडला की आमच्या डायनेस्टी लीगच्या (खऱ्या खेळाडूंची कागदावर टीम बांधायची आणि ती वर्षानुवर्षं राखायची, असा खेळ) ग्रुपवर विचारणा सुरू होते: ‘अमुक पोरगा ट्रिपल-एमध्ये .३४० मारतोय, घेऊ का?’ ट्रिपल-ए म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालची पायरी, आणि .३४० ही बॅटिंगची सरासरी. मोसमाला जेमतेम तीन आठवडे झालेले असतात. तेवढ्या दिवसांत चार टेक्सास लीगर (फिल्डरांच्या मधे पडणारे हलके फटके) पडले तरी सरासरी फुगते.

मैदान न बघणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. अमेरिकेतलं अल्बुकर्की शहर समुद्रसपाटीपासून पाच हजार फुटांवर आहे; रीनो आणि सॉल्ट लेकही चार हजारांच्या वर. हवा विरळ, त्यामुळे चेंडू लांब जातो आणि कर्व्हबॉलही नीट वळत नाही. पाटा विकेटवरचं द्विशतकच म्हणा ना. उलट फ्लोरिडा स्टेट लीगमध्ये हवा दाट, मैदानं ऐसपैस. तिथले १२ होमरन मला जास्त मोलाचे वाटतात. आमच्यातल्या एकाने अशाच उंचावरच्या टीममधला २६ वर्षांचा आउटफिल्डर घेतला आणि बदल्यात दोन तरुण पिचर (चेंडू टाकणारे) देऊन टाकले. मी त्या खेळाडूचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढून ग्रुपवर टाकले. बाहेर बिचारा अगदी सामान्य होता. उत्तर आलं, ‘काका, तुम्हाला प्रत्येकात खोटच दिसते.’ पुढच्या मोसमात तो खेळाडू वर मेजर लीगमध्ये गेला, महिन्याभरात खाली आला, आणि ते दोन पिचर आजही दुसऱ्याच्या रोटेशनमध्ये (सुरुवात करणाऱ्या पिचरांच्या पाळीत) आहेत.

दुसरी चूक म्हणजे होमरन मोजायचे आणि स्ट्राइकआउटकडे (तीन स्ट्राइक होऊन बाद होणं) डोळेझाक करायची. ब्रँडन वुडने २००५ मध्ये विसाव्या वर्षी कॅलिफोर्निया लीगमध्ये ४३ होमरन मारले. लोक वेडे झाले. त्याच मोसमातले १२८ स्ट्राइकआउट कुणी मनावर घेतले नाहीत, आणि त्या लीगमधली वाऱ्याची मैदानंही. मेजर लीगमध्ये २०१० साली त्याचे ७१ स्ट्राइकआउट झाले, वॉक (चार बाहेरचे चेंडू सोडून फुकट मिळालेला बेस) फक्त ६. कारकिर्दीची सरासरी .१८६. याउलट मुकी बेट्स: २०१२ मध्ये मायनर लीगच्या लोवेल टीमकडून एकही होमरन नाही, पण वॉक ३२ आणि स्ट्राइकआउट ३०. पुढच्याच वर्षी ताकदही आली, आणि २०१८ मध्ये एमव्हीपी (मोसमातला सर्वांत मोलाचा खेळाडू). म्हणून मी आधी हे दोन रकाने बघतो, होमरनचा शेवटी. मैदानात गेलो तर दोन स्ट्राइक झाल्यावर बाहेर पळणाऱ्या स्लायडरला पोरगा काय करतो, एवढंच बघत बसतो. पुढचा खांदा आधीच उघडला आणि बॅट चेंडूमागे धावली, तर मी वहीत नावापुढे फुली मारतो.

वय तर कुणी विचारतच नाही. हुआन सोतो २०१८ चा मोसम लो-एमध्ये (मायनर लीगच्या खालच्या पायऱ्यांपैकी एक) सुरू करून मे महिन्यात, वयाच्या १९ व्या वर्षी मेजर लीगमध्ये वॉशिंग्टनला पोचला. त्याच लो-एमध्ये २३ वर्षांचा कॉलेजवाला तेच आकडे दाखवत असेल तर ते निम्म्याने धरा.

बॅटिंग प्रॅक्टिस बघून भाळू नका. तिथे कोच टाकतो आणि चेंडू मध्यावर येतो. तीस सेकंदांच्या क्लिपा तर बघूच नका, त्यात हुकलेले स्विंग कापलेले असतात. होतकरू खेळाडूंच्या टॉप-१०० यादीवर निर्णय घ्यायचा असेल तर खुशाल घ्या, फक्त मला विचारू नका. आणि ऑक्टोबरातल्या अ‍ॅरिझोना फॉल लीगचे आकडे मी उघडतच नाही; क्लब आपले उत्तम पिचर तोवर बहुधा विश्रांतीला पाठवतात.