डीपीपीसीचा आयसोथर्म उजवीकडे सरकत होता: माझा अनुभव

लँगम्यूर ट्रफवर (सरकत्या बॅरियरने, म्हणजे आडपट्टीने, पृष्ठभाग आवळता येणारं पाण्याचं उथळ तबक) डीपीपीसीचा (पाण्याकडे वळणारं डोकं आणि दोन तेलकट शेपट्या असलेलं एक लिपिड) एकरेणवीय थर पसरवला, की प्रत्येक वेळी आयसोथर्म, म्हणजे स्थिर तापमानाला क्षेत्रफळ आणि पृष्ठदाब यांचा आलेख, आधीपेक्षा थोडा उजवीकडे, म्हणजे प्रतिरेणू जास्त क्षेत्रफळाकडे. आकार मात्र बरोबर: 20 अंश सेल्सिअसला 4-5 मिलिन्यूटन प्रतिमीटरजवळ सपाट टप्पा (इथे विरळ थर दाट अवस्थेत जातो), मग चढ. म्हणजे अवस्थाबदल ठीक होता, रेणूंची मोजणी चुकत होती.

दोष द्रावणात निघाला. कुपीचं झाकण सैल, क्लोरोफॉर्म उडून द्रावण दाट होत गेलेलं. त्यामुळे 25 मायक्रोलिटरमधून हिशेबापेक्षा जास्त रेणू पाण्यावर जात होते. 1 मिलिग्रॅम प्रतिमिलिलिटरचं ताजं द्रावण टेफ्लॉन अस्तराच्या झाकणाच्या काचेच्या कुपीत केलं. (प्लास्टिकची टिप नकोच; क्लोरोफॉर्म त्यातलं काहीबाही विरघळवून थरात आणतो.) 240 चौरस सेंटिमीटरवर 25 मायक्रोलिटर, म्हणजे सुरुवातीला प्रतिरेणू सुमारे 117 चौरस अँगस्ट्रॉम. थेंब काचेच्या सिरिंजने पृष्ठभागाला हलकेच टेकवायचे, वरून पाडले तर लिपिड खाली बुडतं. मग 15 मिनिटं थांबायचं.

आलेख डावीकडे सरकला तर उलट शोधा: बॅरियरखालून गळती किंवा बुडालेलं लिपिड. आणि दाबच एकूण कमी दिसला तर विल्हेल्मी पट्टी (पाण्याला टेकवलेली, दाब मोजणारी पट्टी) नीट भिजलेली नसते. गाळणकागदाची पट्टी वापरली की ही कटकट बहुतेक मिटते.

आता दाट अवस्थेत क्षेत्रफळ पन्नासच्या खाली येतं. तिथे डोकं दोन शेपट्यांपेक्षा जास्त जागा घेतं, म्हणून या शेपट्या सुमारे 30 अंश कललेल्या राहतात.