पावसात गाडी उभी ठेवताय? हँडब्रेक ओढून ठेवू नका
आपल्याकडे गुहागर, मालवण पट्ट्यात पावसाळ्यात गाडी आठ-दहा दिवस अंगणात उभी राहणार असेल तर हँडब्रेक लावून ठेवू नका, पहिल्या गिअरमध्ये टाका आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून चिऱ्याचे तुकडे लावा. कारण बऱ्याच गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा लोखंडी डबा (ड्रम), आणि त्यात शू, म्हणजे ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या वाकड्या पट्ट्या, यांची एकच जोडी, पायाचा ब्रेक दाबला की ऑइलच्या प्रेशरने व्हील सिलिंडर ते शू ड्रमला दाबतो आणि हँडब्रेक ओढला की केबल आतला लिव्हर खेचून तेच शू दाबते. म्हणजे ओले शू दिवसेंदिवस ड्रमला चिकटून राहतात, वर खारी हवा, गंज धरतोच. माझी गाडी गणपतीत अशीच अडकली होती, मागचं चाक फिरेचना, शेवटी हलकेच पुढे-मागे केल्यावर कट्ट आवाज करून सुटली. जोरात रेस देऊन ओढू नका हां, शूचं लायनिंग, म्हणजे त्यावरचा घासणारा थर, उखडतं. पाण्यातून आलात तर थांबण्याआधी, मागे कोणी नाही बघून, हळू चालवत चार-पाच वेळा ब्रेक हलका दाबा, गरम होऊन शू सुकतात. आणि हँडब्रेक फार वर येत असेल तर लगेच केबल ताणायला सांगू नका, आधी ड्रम उघडून शू किती उरलेत ते बघायला लावा.